शेपटीसकट

पोस्टरवर माझ्या माशाला शेपूट नव्हतं.

सकाळचे साडेनऊ. कॉरिडॉरमध्ये सात पोस्टरं टांगलेली, आमचं अगदी मधोमध, आणि मी खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता त्याच्यासमोर उभी. आधी वाटलं, छापणाऱ्यानं घोळ घातला असेल. पण कड कशी साफ होती! कल्ल्यांच्या जरा मागे, जिथून पाठीचा कणा खाली वळतो, बरोब्बर तिथं फोटो संपला होता आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं की प्रमोटरचा हा आखूड तुकडा फक्त मज्जासंस्थेतच काम करतो. फक्त! डोकं हिरवंगार, कण्याच्या दोरीची सुरुवात हिरवीगार आणि बाकी मासा गायब. अरे, पण मी दिलेला फोटो पुरा होता. झेब्राफिशचं तीन दिवसांचं पिल्लू, भाताच्या शितापेक्षा लहान, आरपार दिसणारं. त्याला मी चिमट्यानं हळू कुशीवर वळवलं होतं, ते हलू नये म्हणून श्वास धरून. त्याचं शेपूट मला पाठ होतं. शेपटीचे स्नायू हिरवे होते, डोक्याइतकेच हिरवे, एकाआड एक तिरप्या पट्ट्या. ते शेपूट म्हणजे माझी दोन वर्षं. कानशिलं तापली. तेजस्विनी चहाचे कप घेऊन मागून आली, म्हणाली, "छान आलंय ना गं?" मी म्हटलं, "मासा अर्धा आहे." ती लॅबमध्ये माझ्याच शेजारी बसते, तिला सगळं माहीत. तिनं पोस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज नको हं हर्षदा. अकराला बाहेरची, औषध बनवणारी माणसं येतायत. सही झाली की मग काय बोलायचं ते बोल." सही म्हणजे माझ्या प्रबंधावर सुधाकर सरांची सही. पुढच्या सोमवारी ती व्हायची होती.

हे शेपूट हिरवं कसं झालं ते सांगते, म्हणजे मी का पेटले ते कळेल. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तेच सगळं लिहिलेलं असतं. मेंदूच्या पेशीत जी जनुकं तीच पोटरीच्या पेशीत, तीच चामडीत. मग मेंदू मेंदूसारखा का वागतो आणि पोटरी पोटरीसारखी का? तर जनुकाच्या अगदी आधी डीएनएचा एक भाग असतो, प्रमोटर. त्याच्यातून काही तयार होत नाही. हे जनुक कुठल्या पेशीत उघडायचं आणि कुठल्या पेशीत बंद ठेवायचं, एवढंच तो ठरवतो. मी नसांमधल्या एका जनुकाचा हा भाग घेतला, त्याच्यापुढे हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारं जनुक जोडलं आणि माशाच्या अंड्यात टोचलं. जिथं हिरवं दिसेल तिथं दार उघडलं, इतकं साधं. पूर्ण लांबीचा भाग घातला की फक्त मेंदू, कणा आणि नसा उजळायच्या. पण सरांना तो आखूड हवा होता. नसांपर्यंत औषध पोचवायला जो निरुपद्रवी विषाणू वापरतात, त्याच्यात जागा फार कमी असते, म्हणून आखूड तुकड्याला भाव. तर सर म्हणाले, मधला भाग काढ. आणि मी काढला. चुकीच्या ठिकाणचा काढला.

मोजताना घोळ झाला एवढंच मी सरांना सांगितलं होतं; तो कसा झाला ते कुणालाच नाही, कारण ती माझ्या घरची चूक आहे. प्रमोटरची अक्षरं जनुकाच्या सुरुवातीपासून मागे मोजतात, उणे एक, उणे दोन, उणे तीनशे. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं आणि मलाही होतं. पण त्या दिवशी कागद पुढ्यात पसरला, पेन्सिल हातात घेतली आणि मी मोजायला लागले ती दुसऱ्या टोकाकडून, लांबच्या, डाव्या. दादा मोजायचे तशी. माझे दादा, म्हणजे वडील, सुकलाल, जेकार्डची कार्डं ठोकायचे. साडीच्या काठावर वेल आणि मोर काढायचा तर मागावर जाड पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांची माळ चढते, आणि आमच्याकडे पहिलं कार्ड म्हणजे जिथून माळ ओवायला घेतली ते. मागाला लागतं ते कार्ड नव्हे. डिंडोलीच्या, इथल्या मागवाल्यांच्या वस्तीतल्या घरात शाळेतून आल्यावर मी त्या माळा मोजल्यात, लाल पेनानं आकडे टाकलेत, बोटाला सुतळीचे वळ पडेपर्यंत. डोकं विद्यापीठात गेलं तरी बोटं डिंडोलीतच राहिली म्हणायची. चुकीच्या टोकानं मोजल्यामुळे तीनशे अक्षरं भलतीकडून गेली आणि त्यात एकवीस अक्षरांचा एक छोटासा पट्टा होता, ज्याच्याकडे आजवर सरांनी नीट पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मासा बघितला तर डोकं हिरवं, कणा हिरवा, आणि बाई गं, शेपूटही हिरवं, पाठीची चामडी हिरवी. सर आले, डोकं तेवढं पाहिलं आणि खूश झाले. इतका आखूड तुकडा आणि इतकी चमक! शेपटीला म्हणाले, "गळती आहे ती. टोचताना हात हलला असेल."

हात नव्हता हलला. हात माझा आहे, मला माहीत आहे तो कधी हलतो ते. मी घरी गेले, जेवताना दादांना विचारलं, "दादा, कार्डातलं भोक दोरा उचलतं ना?" दादा हसले. घरात दादा मोकळे असतात, अहिराणीत भांडतात, गातात, शेजारच्या धुडकूकाकांशी भिंतीपलीकडून वाद घालतात. माय म्हणते, ह्या माणसाला गिळायला तोंड उघडायला वेळ नाही. ते घास हातातच ठेवून म्हणाले, "येडी शे का तू? कार्ड दोरा उचलस नही. दोरा त्या सगळा उठाले तयारच ऱ्हातस. कार्ड त्यासले दाबी ठेवस. जठे भोक नही तठे सुई मांगे ढकलाई जास नि दोरा खालेच ऱ्हास." मग ताटातल्या भाकरीच्या तुकड्यावर बोट टेकवून दाखवलं कसं ढकलतं ते. मी भाकरीकडे बघत राहिले. एवढी वर्षं माळा मोजल्या आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं! कार्डच नसेल तर सगळे दोरे वर येतील, मोर नाही, वेल नाही, नुसता एकरंगी पट्टा. मोर दिसतो तो दाबून ठेवलेल्या दोऱ्यांमुळे. आमच्या लॅबमध्ये सगळे शोधत होते नसेत जनुकाला उठवतं कोण. आणि ते जनुक तर सगळीकडेच उठायला टपलेलं! त्या एकवीस अक्षरांवर एक प्रथिन येऊन बसतं आणि त्याचं तोंड बंद करतं. स्नायूत ते असतं, चामडीत असतं, यकृतात असतं. नसेच्या पेशीत ते नसतं, म्हणून नसेत जनुक बोलतं. मी एकवीस अक्षरं परत जागेवर घातली, शेपूट विझलं. काढली, पेटलं. चार वेळा केलं, चार वेगळ्या खेपेच्या अंड्यांवर. दरवेळी फोटो वहीत चिकटवला, खाली तारीख, सही.

चिकटवायला मी दादांच्या पट्ट्या वापरते. कार्डात भोक चुकीचं पडलं तर त्यावर लावायची ती गोंदाची गोल कागदी टिकली, आम्ही तिला पट्टीच म्हणतो. आता माग कॉम्प्युटरवर चालतात, कार्डं भंगारात गेली, दादा दुसऱ्या एका कारखान्यात कापड तपासायला उभे राहतात. पण पट्ट्यांचा एक डबा घरात उरला होता, तो त्यांनी मला लॅबसाठी दिला. तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. आज बॅगेत तो डबा खुळखुळत होता आणि मी सरांच्या दारावर टकटक केली.

सर फोनवर होते, हातानं बस म्हणाले. मी बसले नाही. सर मराठी आहेत, पण शिकल्यासवरल्या घरचे, चांगल्या उच्चारांचे. मी इथं आले त्या पहिल्या आठवड्यात तोंडातून निसटलं, "सर, मना मासा..." तर किती गोड हसून म्हणाले होते, "'माझा' म्हणावं, हर्षदा." वाईट नव्हते म्हणाले. पण त्या दिवसापासून या इमारतीत शिरताना माझ्या घशाशी काहीतरी बसतं, आणि ते घरी पोचेपर्यंत उठत नाही. इथं मी हळू बोलते, मोजून बोलते, गुजरातीत, हिंदीत, शुद्ध मराठीत, बहुतेक वेळा बोलतच नाही. डिंडोलीत मीच गल्लीभर ऐकू जाणारी. फोन ठेवून सर म्हणाले, "बोल." मी म्हटलं, "सर, फोटो कापलाय." "हो. जागा नव्हती." "शेपटीला जागा नव्हती?" ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघ, शेपटीचं आपण नंतर स्वतंत्र लिहू. तुझ्या नावावर लिहू. आज जे येतायत त्यांना आखूड तुकडा हवाय. गोंधळ कशाला घालायचा त्यांच्या डोक्यात?" "पण सर, हा तुकडा त्यांनी औषधात वापरला तर ते नसेच्या बाहेरही उघडेल. यकृतातसुद्धा उघडेल कदाचित. तुम्हीच तर..." "'कदाचित'," सर म्हणाले. "कदाचितवर विज्ञान चालत नाही." मग आवाज उतरवून, अगदी मायेनं, "तू कुठून आलीस, तुझ्या वडलांनी काय कष्ट काढलेत, मला ठाऊक आहे. सोमवारी सही आहे. शहाणी हो." मायेनं बोलले म्हणूनच डोक्यात तिडीक गेली. माझ्या बापाचे कष्ट माझ्याच तोंडावर झाकण म्हणून ठेवता काय! हे मनातल्या मनात म्हटलं. तोंडानं "बरं सर" म्हटलं आणि बाहेर आले. "बरं सर" कुठून आलं? कुणी ढकलले ते शब्द बाहेर?

मला माहीत होतं कुठून आलं. मी बारा वर्षांची होते, सुट्टीत दादांचा डबा घेऊन कारखान्यावर जायची. मागांच्या खडखडाटात माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, पण त्या दिवशी माग बंद होते, म्हणून सगळं स्वच्छ ऐकू आलं. शेठच्या ऑफिसात मोठा व्यापारी बसलेला, टेबलावर साड्यांचा ढीग, आणि प्रत्येक काठावर मोर एका पायाचा. एका पायाचे मोर, ओळीनं, चालल्यासारखे. शेठ दादांकडे न बघताच म्हणाले, "सुकलालभाईनी भूल छे." आणि मग बघितलं. दादांनी हात पुसले, मान हलवली. "हा शेठ. भूल मारी." चूक माझी. बस, एवढंच. माझ्या दादांची चूक कधी होत नाही हे आख्ख्या लाइनीला ठाऊक होतं. मी दारात डबा धरून उभी, डबा गरम, बोटं पोळतायत तरी सोडला नाही. त्या संध्याकाळी दादा घरीसुद्धा बोलले नाहीत. धुडकूकाकांनी भिंतीवर दोनदा ठोकलं, मग गप्प बसले. कारखान्यातलं ते गप्प बसणं दादांबरोबर घरात आलं होतं, आणि मला त्याचा राग आला होता. शेठचा नाही, दादांचा. तो राग पंधरा वर्षं मी उराशी धरला आणि आता अर्ध्या मिनिटात "बरं सर" म्हणून मोकळी झाले.

जिन्यात उभं राहून दादांना फोन लावला. त्यांचा पाळी बदलायचा वेळ होता, मागे कापडाच्या घड्या आपटल्याचा आवाज. "काय व्हयनं व माय?" मी सरळच विचारलं, त्यांच्याच बोलीत, कुणी ऐकलं तर ऐकू दे म्हणून मोठ्यानं. "दादा, त्या मोरना पाय. तुमनी चूक नव्हती. तुमी हा का म्हनात?" पलीकडे आवाज बंद झाला, कुठंतरी आडोशाला गेले असणार. मला वाटलं म्हणतील, पोटासाठी, तुमच्यासाठी, काय करणार. ते म्हणाले, "पायनी भोके मीच बुजेल व्हती." म्हणजे काय ते मला कळेना. मग हळूहळू सांगितलं. मोराचा पाय आणि खालची वेल एकमेकांवर येत होती, नक्षीच चुकीची काढलेली. दादांनी शेठला सांगितलं होतं, नक्षी परत काढा. शेठ म्हणाले वेळ नाही, पायाची भोकं बुजव, कोण बघतंय. आणि दादांनी बुजवली. एकेक पट्टी थुंकी लावून, दोन दिवस बसून, आपल्या हातानं. "माले मालूम व्हतं मोर लंगडा व्हई. तरी बी लाया मी पट्ट्या. मंग कोना तोंडे म्हनू का मनी चूक नही?" ते थांबले. "तू तवय दारमा व्हतीस. माले दिसनी तू." त्यांनी मला पाहिलं होतं! पंधरा वर्षं आम्ही दोघं एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे होतो, आणि आता बोललो. मी त्यांना शेपटीचं सांगितलं, सहीचंही सांगितलं, सोमवारचं. म्हटलं, सही गेली तर पाच वर्षं जातील. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला, ती पाच वर्षं त्यांचीही होती. मग म्हणाले, "डबामा पट्ट्या शेत ना?" म्हटलं, शेत. "मी त्या बुजाले वापऱ्यात," ते म्हणाले. "तू जोडाले वापर." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

दहा चाळीस झाले होते. लॅबमध्ये जाऊन मी कॉम्प्युटरवर पुरा फोटो उघडला, पोस्टरवरच्या माशाच्या मापाला मोठा केला आणि मागचा अर्धा छापला. प्रिंटर मेला रखडत रखडत कागद ओढत होता, रेघ रेघ शेपूट बाहेर येत होतं, हिरवं, ओलसर. तेजस्विनी येऊन बघून गेली आणि जाताना कात्री माझ्या टेबलावर ठेवून गेली. कॉरिडॉरमध्ये पोस्टरच्या चौकटीत खरंच जागा नव्हती, सर एवढं खरं बोलले होते. म्हणून शेपूट चौकटीबाहेर गेलं, सरळ भिंतीवर. जीभ लावून पट्टी ओली करायची, अंगठ्यानं दाबायची, मनात तीन मोजायचे. लहानपणीची गोंदाची तीच कडवट चव. आठ पट्ट्या लागल्या. त्याखाली पेनानं लिहिलं, एकवीस अक्षरं काढल्यावर, चार खेपा, चारही सारख्या. तारीख. सही. मागे सरकून पाहिलं तर आख्खा मासा. सांधा दिसत होता, पट्ट्या उघड दिसत होत्या, आणि दिसू देत म्हटलं. आतून असं होत होतं की पळून जावं, सगळं ओरबाडून काढावं आणि सोमवारी शहाण्यासारखं सरांसमोर बसावं. पण मी जागची हलले नाही.

अकराला सर आले. बरोबर तिघं पाहुणे आणि पुढे एक वयस्क बाई, सुती साडी, गळ्यात दोरीनं बांधलेला चष्मा. त्याच ठरवणार होत्या तुकडा घ्यायचा की नाही. सरांनी भिंत पाहिली. चेहरा हसताच राहिला, फक्त माझ्या जवळ येऊन ओठ न हलवता म्हणाले, "काढ ते. आत्ता." मी म्हटलं, "नाही काढत, सर." हळू म्हणायचं ठरवलं होतं, पण डिंडोलीच्या आवाजात निघालं, बाकीच्या पोस्टरांपुढची माणसंही वळली. बाई तोवर वाकल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी सांध्यापासून टोकापर्यंत शेपूट नीट बघितलं आणि विचारलं, "आ पूंछडी लीली केम छे?" शेपूट हिरवं का? एवढा साधा प्रश्न, जो दोन वर्षांत या इमारतीत कुणी विचारला नव्हता. मी तोंड उघडलं तेवढ्यात सर मध्ये आले, हसून, हात पसरून. "कंई नथी, मॅडम. हर्षदानी भूल छे. मोजताना घोळ झाला." आणि मग माझ्याकडे बघितलं.

मला ती नजर ओळखू आली. टेबलावर साड्या नव्हत्या, माग नव्हते, पण ती बघण्याची तऱ्हा तीच, आता तू मान हलव, म्हणणारी. घशाशी ते बसलेलं होतंच, रोजचं. जिभेवर गोंद होता. माझी मान खरोखर हलायला लागली होती, माझ्या मानेला कुणाकडून शिकायचं ते ठाऊक होतं. मी हात ओढणीला पुसले, दादांनी पुसले होते तसेच. "हा," मी म्हटलं. सरांचे खांदे सैल पडले. "गणवानी भूल मारी," मी बाईंकडे बघून म्हटलं. "पण फोटो में नथी काप्यो." मोजण्यातली चूक माझी, पण फोटो मी नाही कापला.

सर म्हणाले, "हर्षदा, सोमवारी..." आणि थांबले, कारण बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी बोट शेपटीच्या एका पट्टीवर ठेवलं, गोंद अजून ओला होता, बोटाला लागला. तो त्यांनी पदराला पुसला आणि पर्समधून वही काढली. "बोलो, बेन," म्हणाल्या. डोकं सगळ्यांनी पाहिलं होतं. मी शेपटीपासून सुरुवात केली.